पेटीला गाणं शिकवणारा माणूस : गोविंदराव टेंबे



'तळेगावला व्याख्यानाला चाललोय' असं पुण्यात सांगितलं की समोरचा लगेच विचारतो, दाभाड्यांच्या की ढमढेऱ्यांच्या? 'पेटी' या शब्दाचंही तसंच आहे. कपड्यांची की वाजवायची, हे सांगावं लागतं. म्हणून जुन्या माणसांनी तिला 'बाजाची पेटी' असं नाव दिलं. आज बोलायचं आहे ते या बाजाच्या पेटीबद्दल, आणि ती हयातभर वाजवणाऱ्या, तिच्याबद्दल लिहिणाऱ्या गोविंदराव टेंबे यांच्याबद्दल.

आम्ही मूळचे तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी. त्यामुळे चरित्र सांगताना त्यात एखादा प्रश्न सापडतो का, हे पाहण्याची खोड आहे. टेंब्यांच्या चरित्रात तो सापडतो. ज्या वाद्यात सूर कायमचे बांधलेले आहेत, ज्यात एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जाता येत नाही, त्या वाद्यावर आपलं रागसंगीत वाजवावं का? आणि वाजवायचंच तर कशाच्या बळावर? हा प्रश्न फक्त मैफलीतल्या लोकांचा नाही. या पंचक्रोशीत सप्ताह असो, काकडा असो, भजनी मंडळाचा साप्ताहिक वार असो, पेटी असतेच. आपली मुलं सूर ऐकायला शिकतात ती बहुधा पेटीवरच. म्हणजे हा प्रश्न आपल्या कानांचा आहे.

आधी वाद्याचा थोडा इतिहास. हार्मोनियम हे नाव घेऊन पॅरिसच्या अलेक्झांडर दबेँ यांनी १८४२ साली पेटंट काढलं. ते वाद्य टेबलाएवढं, खुर्चीवर बसून पायाने भाता मारीत वाजवायचं. आपल्याकडे ते मिशनऱ्यांबरोबर आणि साहेबांच्या घरांतून आलं. पुढे कलकत्त्याला द्वारकानाथ घोष यांच्या 'द्वारकिन' कंपनीने त्याला जमिनीवर बसवलं. पाय काढून टाकले, भाता पाठीमागे घेतला, डाव्या हाताने हवा आणि उजव्या हाताने सूर अशी विभागणी झाली. युरोपात दोन्ही हात पट्ट्यांवर लागत, कारण तिथे एकाच वेळी अनेक सूर वाजवायचे असतात. आपल्याला एकावेळी एकच सूर हवा होता, म्हणून एक हात मोकळा झाला. वाद्य परकं खरं, पण त्याची बैठक आपण आपल्या गरजेप्रमाणे बदलली, हे विसरू नये.

महाराष्ट्रात पेटी रुजवली ती नाटकाने. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात रंगभूमीवर आलं. नाटकाच्या गाण्याला मोठा, भरदार, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा सूर लागतो. तेव्हा ध्वनिक्षेपक नव्हते. सारंगी गोड, पण आवाजाला नाजूक, आणि हवा बदलली की उतरणारी. पायपेटी आणि पुढे ऑर्गन यांनी ती अडचण दूर केली. कंपनी आज मिरजेत, उद्या हुबळीत, परवा नागपुरात. बैलगाडी-रेल्वेच्या प्रवासात टिकणारं, कुठेही उघडलं की लगेच वाजणारं वाद्य हवं होतं.

अशा काळात, ५ जून १८८१ रोजी, कोल्हापूरजवळच्या सांगवडे गावी गोविंद सदाशिव टेंबे यांचा जन्म झाला. त्यांचं भाग्य म्हणजे कोल्हापूर. शाहू महाराजांच्या दरबारात अल्लादियाखाँसाहेब होते. भास्करबुवा बखल्यांसारखा गवय्या या भागात येत-जात होता. बुवांनी तीन ठिकाणी तालीम घेतलेली: बडोद्याला फैज महंमदखाँ, आग्रा घराण्याचे नत्थनखाँ आणि शेवटी स्वतः अल्लादियाखाँ. टेंबे पेटी बरीचशी आपली आपणच शिकले. त्यांना घडवलं ते या गवयांनी. ते बुवांच्या साथीला बसू लागले आणि बुवांमुळे खाँसाहेबांच्या गायकीपर्यंत पोचले.

आता बघा, इथेच गोम आहे. पेटीवाल्याचा गुरू पेटीवाला नाही, गवई आहे. ज्या माणसाने आयुष्यात पेटीची पट्टी दाबली नसेल, त्याच्याकडून टेंबे पेटी शिकले. हे नीट समजून घ्यायचं तर वाद्याची अडचण काय आहे ते पाहावं लागेल. थोडं गणित आहे, पण घाबरू नका.

एका अर्ध्या सुराचे शंभर भाग करा. संपूर्ण सप्तकाचे होतात १२००. पाश्चात्त्य पद्धतीने लावलेल्या पेटीत बाराही सूर सारख्या अंतरावर असतात. तिचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० भागांवर येतो. आणि उत्तम जुळलेल्या तंबोऱ्यातून जो गंधार आपोआप ऐकू येतो, ज्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो, तो ३८६ वर असतो. चौदा भागांचा फरक. पंचमात फरक दोनच भागांचा, ७०० आणि ७०२, तो कानाला खुपत नाही. पण गंधार खुपतो. जाणत्या गवयाला तो चढा लागतो.

ही झाली पहिली अडचण. दुसरी याहून मोठी. पेटीत सूर सुटे-सुटे आहेत. खर्जापासून वरपर्यंत प्रत्येकाची पितळी रीड वेगळी, प्रत्येकाचं भोक वेगळं. गळा, सारंगी, वीणा यांना दोन सुरांमधली जागा आहे, पेटीला नाही. म्हणून मींड नाही. दरबारी कानड्याचा गंधार झुलता असतो, एका जागी उभा राहतच नाही. पेटीवर तो कसा काढणार? कोमल गंधाराची पट्टी दाबाल तर सूर मिळेल, दरबारी मिळणार नाही.

याच अडचणीशी युरोपातला पियानोवादकही झगडला आहे. पियानोचे सूरही बांधलेले, आणि वर तो तारेवर हातोडी मारून वाजतो. सूर लागला रे लागला की विरायला सुरुवात. पेटीचा सूर निदान भात्याने धरून ठेवता येतो, पियानोचा तोही नाही. तरी पॅरिसमध्ये राहिलेला पोलंडचा शोपँ आपल्या शिष्यांना सांगे की जा, चांगले गायक ऐका. त्या काळचे इटालियन ऑपेराचे गायक हा त्याचा आदर्श होता. हा शोपँ जाहीर मैफली फार थोड्या करी, त्याचा चरितार्थ शिकवण्यावर चाले. आणि शिकवताना त्याचा भर बोटांच्या कसरतीपेक्षा वाद्याला गायला लावण्यावर होता. कोल्हापूर आणि पॅरिस यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण बांधलेल्या सुरांपुढे बसलेल्या दोन माणसांनी उत्तर शोधलं ते एकाच दिशेला, गळ्याकडे.

मग गळ्याकडे कान ठेवून पेटीवाला करतो काय? चार गोष्टी करतो. पहिली, एका पट्टीवरचं बोट दुसरी दाबली जाईपर्यंत उचलत नाही, त्यामुळे सूर तुटत नाहीत. दुसरी, मुख्य सुराला शेजारच्या सुराचा ओझरता स्पर्श देतो, म्हणजे कण देतो. कण इतक्या नेमक्या क्षणी पडतो की ऐकणाऱ्याच्या कानाला घसरत गेल्याचा भास होतो. तिसरी, भाता. शिकाऊ माणूस भाता पंख्यासारखा हलवतो, जाणता माणूस त्याच्याने श्वास घेतो, सूर फुलवतो आणि आवरतो. आणि चौथी, सगळ्यांत अवघड: काय वाजवू नये ते त्याला कळतं. गवई दरबारीच्या गंधारावर झुलत असताना चांगला साथीदार तिथे पट्टी दाबून बसत नाही. तो सोडून देतो, खाली रिषभावर किंवा षड्जावर वाट बघतो. वाद्याच्या मर्यादेला त्याने दिलेलं उत्तर मौनाचं असतं. ते मौन कुठे पाळायचं हे मात्र गाणं आल्याशिवाय कळत नाही.

टेंब्यांनी हे साधलं, म्हणून त्यांची पेटी साथीपुरती राहिली नाही. त्यांचं स्वतंत्र वादन लोक मैफल म्हणून ऐकत. त्याआधी उत्तरेत ठुमरीच्या क्षेत्रात भैया गणपतराव यांनी पेटीला प्रतिष्ठा दिली होती. ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्यातला हा माणूस, गौहरजान, मौजुद्दीन यांच्यासारख्या गायकांवर त्यांची छाप होती. टेंब्यांनी त्या पूरब बाजाच्या ठुमऱ्या मनापासून ऐकल्या. आणि एका बाजूला जयपूरची पेचदार रागदारी, दुसऱ्या बाजूला ठुमरी-कजरीचा लडिवाळपणा, अशी दोन्ही शिदोरी घेऊन ते नाटकाकडे वळले.

१२ मार्च १९११. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'मानापमान' मुंबईत किर्लोस्कर मंडळीने रंगभूमीवर आणलं. त्याआधी किर्लोस्कर काय, 'शारदा' लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल काय, नाटककारच आपल्या पदांच्या चाली निवडीत. साक्या, दिंड्या, लावणीच्या चाली, कानडी पदं, प्रसंगी एखादी ख्यालाची चीज. इथे नाटककार एक आणि चाली देणारा दुसरा. तो दुसरा म्हणजे टेंबे, वय तीसही पुरं नाही. पूरब ढंगाच्या चाली मराठी शब्दांवर बसल्या आणि नाट्यसंगीताचा रंगच पालटला. त्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली होती आणि तरीही ते भामिनी म्हणून उभे राहिले, ही गोष्ट तुम्हाला ठाऊकच असेल. पण त्या भामिनीच्या गळ्यातल्या चाली पेटीवर बसून बांधणारा माणूस कोण, हे मात्र आपण सहसा विचारत नाही. साथीदाराच्या वाट्याला येतं ते असं.

१९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे या तिघांनी मिळून गंधर्व नाटक मंडळी काढली. टेंबे तिथे फार रमले नाहीत. दोनेक वर्षांत बाहेर पडून त्यांनी स्वतःची शिवराज नाटक मंडळी काढली. तिचा पसारा सांभाळण्याची कथा आम्ही इथे लांबवीत नाही. नाटक कंपन्यांच्या कथा शेवटी कर्जाच्या कथा होतात. पुढे बोलपट आला. 'प्रभात'चा 'अयोध्येचा राजा', १९३२, दिग्दर्शक व्ही. शांताराम. दुर्गा खोटे तारामती आणि हरिश्चंद्र म्हणून पडद्यावर दिसतात ते आपले पेटीवाले गोविंदराव. संगीतही त्यांचंच. तेव्हा पार्श्वगायन नव्हतं, ज्याचं तोंड त्याचाच गळा. म्हणजे पन्नाशीच्या उंबरठ्यावर या माणसाने वादक, संगीतकार, नट, गायक अशा चार भूमिका एकाच वेळी निभावल्या.

आता इतिहासातल्या वादाकडे येऊ. पेटीचा दोष सगळ्यांनाच दिसत होता. त्यावर दोन उपाय झाले.

पहिला उपाय, वाद्य दुरुस्त करा. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. नाटककार देवल वेगळे, हे वेगळे. त्यांनी आणि क्लेमंट्स नावाच्या आयसीएस न्यायाधीशांनी ठरवलं की आपल्या शास्त्रात बावीस श्रुती सांगितल्या आहेत, तर बाराऐवजी बावीस सुरांची पेटी करावी. देवलांनी अब्दुल करीमखाँसाहेबांच्या गळ्यावरून सुरांची मोजमापं घेतली, १९१० साली पुस्तक लिहिलं, श्रुति-हार्मोनियम तयार करवून घेतलं. १९१६ साली बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिथे या पेटीवर खल झाला. गवयांनी ती मान्य केली नाही. का? आमच्या मते उत्तर सोपं आहे. बाराचे बावीस केले तरी सूर बांधलेलेच राहिले. पायऱ्या वाढवल्या म्हणून जिन्याची घसरगुंडी होत नाही. पण देवलांच्या खटपटीला हसू नये. निवृत्तीनंतर पदरमोड करून कानाचं गणित मांडणारा माणूस आदरालाच पात्र आहे.

दुसरा उपाय, वाद्य बंद करा. दिल्लीच्या आकाशवाणीवर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख जॉन फाउल्ड्स यांनी पेटीविरुद्ध लिहिलं. शांतिनिकेतनात रवींद्रनाथांनाही ती नको होती. आणि १ मार्च १९४० पासून, लायोनेल फील्डन यांच्या कारकिर्दीत, आकाशवाणीने पेटी आपल्या केंद्रांवरून हद्दपार केली. स्वातंत्र्य आलं तरी बंदी उठली नाही. १९५२ पासून दहा वर्षं नभोवाणी खात्याचे मंत्री होते ते आपलेच बाळकृष्ण केसकर, स्वतः संगीताचे जाणकार. त्यांनीही ती चालूच ठेवली. १९७१ साली काही वरच्या श्रेणीच्या कलावंतांच्या साथीपुरतं दार किलकिलं झालं. एकट्या पेटीचं वादन ऐकू यायला त्यानंतरही कित्येक वर्षं गेली.

टेंबे ९ ऑक्टोबर १९५५ रोजी वारले. हिशोब करा. त्यांच्या आयुष्याची शेवटची पंधरा वर्षं, जेव्हा हाताखालून सगळं संगीत गेलेलं, कान पुरता पिकलेला, तेव्हा देशातल्या सर्वांत मोठ्या व्यासपीठावर त्यांच्या वाद्याला मज्जाव होता. आज आपण जुन्या गवयांची ध्वनिमुद्रणं आकाशवाणीच्या संग्रहातून ऐकतो. पेटीच्या त्या पिढीचं तसं काय उरलं? बंदी घालणाऱ्यांचा युक्तिवाद चुकीचा नव्हता. गंधार चढा आहे, मींड नाही, हे खरंच आहे. पण त्यांनी दोष वाद्यात पाहिला आणि वाजवणाऱ्याकडे पाहिलंच नाही. वाद्य बेसूर आहे म्हणून कान असलेल्या माणसालाही दाराबाहेर ठेवलं. तर्कशास्त्रात आम्ही मुलांना शिकवीत असू की विधान खरं असलं म्हणून त्यावरून काढलेला निष्कर्ष खरा ठरत नाही. त्याचं याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही.

तिसरा उपाय टेंब्यांचा. त्यांनी वाद्य बदललं नाही आणि टाकूनही दिलं नाही. त्यांनी कान दुसरीकडून आणला आणि तो पेटीवर बसवला. शिक्षक म्हणून त्यांचं मोठेपण इथे आहे. पटावर मुलं मांडून वर्ग चालवणारा शिक्षक हा एक प्रकार झाला. पण 'माझा संगीत व्यासंग' हे पुस्तक ज्यांनी वाचलं असेल त्यांना कळेल की लिहून शिकवणं काय असतं. १९३९ सालचं हे पुस्तक. पुढे 'माझा जीवनविहार' हे आत्मचरित्र, अल्लादियाखाँसाहेबांचं चरित्र. एका हिंदू पेटीवाल्याने मुसलमान गायनाचार्याचं चरित्र मराठीत लिहावं, यातला सहजपणा आज मुद्दाम सांगावा लागतो. ते लिहितात ते ऐकण्याबद्दल. कोणता गवई कोणत्या जागी काय करतो, दोन घराण्यांची चाल कशी वेगळी, याबद्दल. मराठीत संगीतावर जाणकारीने आणि तरीही घरगुती भाषेत लिहिण्याची वाट त्यांनी रुंद केली.

आणि वाट पुढे चालली. बेळगावात विठ्ठलराव कोरगावकर, त्यांच्यानंतर रामभाऊ विजापुरे, १९१७ ते २०१०. विजापुऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या मुलांना पेटी शिकवली आणि कितीएक थोर गवयांची साथ केली. त्यांनीही गळ्याची तालीम घेतलेली होती. मुंबईत पी. मधुकर, त्यांचे शिष्य गोव्याच्या बोरीचे तुळशीदास बोरकर, ज्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. जालन्याकडचे अप्पा जळगावकर, १९२२ ते २००९, यांनी भीमसेनजींपासून अनेकांना साथ दिली. आणि पु. ल. देशपांडे तर होतेच. आकाशवाणीने जी पेटी बंद केली, ती मैफलीत, नाटकात, देवळात अशी जिवंत राहिली. सरकारी हुकमापेक्षा लोकांची सवय दांडगी असते.

शेवटी आपल्या गावाकडे येतो. वारकरी भजनाची मूळ वाद्यं टाळ, वीणा, पखवाज. पेटी नंतर आली आणि तिने सोय केली. गाणाऱ्याला काळी दोन, काळी पाच अशी पट्टी धरून देते, सूर सुटू देत नाही. पण सोयीची एक किंमत असते. वीणेकरी सूर कानाने जुळवतो, पेटीवाल्याला तो तयार मिळतो. आज तर पेटी लावणारा कारागीरही दुर्मीळ होत चालला आहे. रीड टोकाशी घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो, हे काम कानाने करणारी माणसं होती. ती षड्ज-पंचमाशी ताडून गंधार उतरवून देत, म्हणून जुन्या पेट्या गोड वाटत. आता यंत्रावरचा काटा बघून बाराही सूर सारखे लावले जातात, किंवा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आणला जातो, ज्यात घासायला काही नाहीच. मग मूल तो चढा गंधार लहानपणीच खरा म्हणून शिकतं आणि आयुष्यभर तोच गातं. फाउल्ड्स आणि रवींद्रनाथांना जी भीती होती ती मैफलीत फारशी खरी ठरली नाही. घराघरांत मात्र खरी ठरू शकते.

यावर बंदीचा उपाय नाही, हे इतिहासाने दाखवलं. उपाय आहे तो टेंब्यांचा, आणि तो कोणत्याही भजनी मंडळाला परवडणारा आहे. मुलांना पेटी जरूर शिकवा. पण आधी सहा महिने तंबोऱ्यावर किंवा वीणेवर नुसता सा लावायला शिकवा. अभंग आधी तोंडाने, मग बोटाने. वीणेच्या सुरात पेटीचा गंधार चढा वाटतो का, असं मुलाला विचारा. ज्या दिवशी ते 'हो' म्हणेल त्या दिवशी त्याच्या हातात पेटी द्यायला हरकत नाही, कारण मग ते पेटीला शिकवील.